शनीच्या दाराशी

त्या शनिवारी ललिता इतकी दमलेली होती, की लिफ्टच्या आरशात स्वतःलाच बघून ती जरा बाजूला सरकली, म्हटलं बाईंना जागा होऊ दे. तिच्या सासूबाई, पुतळाबाई, शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि पुढे आठवडाभर अख्ख्या सोसायटीला सांगितलं. त्यांच्या सांगण्यात ललिताने आरशाला वाकून नमस्कारही केला होता. तो काही तिने केला नव्हता.

गंगापूर रोडला खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर दोन खोल्या, असं भाषांतराची कामं घेणाऱ्या मयूरचं ऑफिस. बंगलोरची एक कंपनी कॉम्प्युटरवरचा गेम काढत होती, त्यातलं मराठी मयूरकडे होतं, आणि मयूरकडचं सगळं मराठी ललिताच्या मानेवर होतं. सकाळी शाळेत शिकवायचं, घरी येऊन स्वयंपाक उरकायचा, मग गेमचं इंग्रजी उघडून बसायचं. दीड वर्ष हेच.

गेम बंदुकांचा नव्हता. पडद्यावर चित्र यायचं, त्यात टिचकी मारली की वस्तू हाताला लागायची, ती भलतीकडे वापरून बघायची, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि वाट काढायची. गोष्ट पुढच्या कुठल्यातरी शतकातली. शनी ग्रहाभोवती फिरणारं खाणीचं स्टेशन, माणसं सगळी निघून गेलेली आणि अरुंधती नावाची मेकॅनिक एकटीच मागे राहिलेली. आतली हवा संपायच्या आत तिने बाहेर टांगलेल्या छोट्या यानात जाऊन बसायचं. आता त्या स्टेशनात दार बोलायचं, फ्रिज बोलायचा, पाण्याची टाकीसुद्धा बोलायची, आणि प्रत्येकाला मराठी शिकवलेली ललिताने. शेवटी शेवटी तर घरचा फ्रिज उघडताना तिला धाकधूक व्हायची, की हाही काही म्हणेल आणि तेही आपल्यालाच लिहावं लागेल.

आज मराठीचा निकाल होता. बंगलोरवाल्यांची अट अशी, की गेम कधीच न पाहिलेल्या माणसाने तो मदतीशिवाय शेवटपर्यंत खेळून दाखवायचा. तेलुगू पास झाली होती, बंगालीही. मराठीचं आज पाच वाजेपर्यंत कळवायचं, नाहीतर मराठी गेममधून काढून टाकायची आणि पुढे जायचं. म्हणजे दीड वर्ष पाण्यात. खेळायला सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या फुलाबाईंची सून येणार होती, तिला ताप भरला. घरात उरल्या पुतळाबाई. मूळच्या देवळ्याच्या, सातवी शिकलेल्या, पेपर मोठ्याने वाचणाऱ्या. त्या वाचायला लागल्या की शेजारी आपला पेपर बंद करायचे.

"आजी, एकच सांगतो," मयूरने त्यांना खुर्चीत बसवलं. "अडलं तरी आम्ही काही सांगणार नाही. तुम्ही फक्त मनात येईल ते बोलत राहा."

"मनातलं बोलू?" पुतळाबाईंनी ललिताकडे मान वळवली. "मग हिला बाहेर बसव."

ललिताला मागच्या स्टुलावर बसवलं. बोट दाखवायचं नाही, हूं करायचं नाही, चेहरासुद्धा करायचा नाही. ते एक बरं होतं. चेहरा करायची ताकद तिच्यात नव्हतीच.

पडद्यावर काळं आभाळ आणि कडं घातलेला शनी आला.

"हा कोण?"

"शनी, आजी."

पुतळाबाईंनी हात जोडले. "एवढं आभाळ मोकळं पडलंय, आन् यांना ऱ्हायला शनीच सापडला. तेबी शनिवारी." मग त्यांनी पदर खोचला आणि कामाला लागल्या.

आता पुतळाबाईंच्या घरी दुधाच्या धुतलेल्या पिशव्या इतक्या साठलेल्या होत्या, की मे महिन्यात वारा सुटला की घर बोटभर वर उचललं जायचं. रबरबँड, सुतळ्या, रिकाम्या बाटल्यांची झाकणं, काही म्हणून टाकायचं नाही. असल्या बाईच्या हातात असला गेम. त्यांनी स्टेशनात शिरून दिसेल ते उचलायला सुरुवात केली. पाना उचलला, फडकं उचललं, तुटका चमचा उचलला. अरुंधतीची पिशवी भरली तसं पडद्यावर आलं, आता जागा नाही.

"रचता येत नाय हिला," पुतळाबाई म्हणाल्या.

फुटक्या पाइपाशी कॉलेजची पोरं इंग्रजीत खेळताना रडकुंडीला आली होती म्हणे. पुतळाबाईंनी पाइपाला फडकं गुंडाळलं, वरून रबरी पट्टा आवळला आणि पुढे गेल्या. फ्रिज उघडला. फ्रिज म्हणाला, "माझ्यात आता काही उरलेलं नाही."

"माझ्यातबी नाय, बाबा," पुतळाबाईंनी त्याला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

ललिताला ते वाक्य कधी लिहिलं ते आठवेना. मुलांचे पेपर तपासून झाल्यावर असणार. स्टुलावर बसल्या बसल्या तिचे डोळे मिटत होते, पण आत कुठेतरी उजेड पडायला लागला होता. जमतंय. म्हातारी पोचते. चहा आला, पुतळाबाईंनी बशीत ओतून एका हाताने प्यायला आणि दुसऱ्या हाताने स्टेशनातली वीज चालू केली. तीन वाजता अरुंधती हेल्मेट घालून बाहेरच्या दाराशी उभी होती. आता एकच दार. दाराला विचारायचं, दार उघडणार, पलीकडे यान.

दार म्हणालं, "बोला."

खाली तीन उत्तरं उमटली. जाते. येते. थांबते.

पुतळाबाईंनी तिन्ही मोठ्याने वाचली आणि 'येते'वर टिचकी मारली.

"या," दार म्हणालं, आणि मागचं, आतलं दार उघडून त्याने अरुंधतीला परत स्वयंपाकघरात आणून सोडलं.

"आँ?" पुतळाबाई म्हणाल्या. "चुकून दाबलं का काय." त्या पुन्हा सगळा बोळ चालत गेल्या, पुन्हा हेल्मेट घातलं. बोला. येते. या. स्वयंपाकघर.

पुन्हा गेल्या.

मागे ललिताचे डोळे टक्क उघडले. आधी तिला वाटलं, यांना पहिलं उत्तर दिसत नाहीये, अक्षर बारीक आहे. पण वाचत तर होत्या. 'जाते' वाचायच्या, जीभ जराशी चावायच्या आणि 'येते' दाबायच्या. दारही हट्टाला पेटल्यासारखं, या म्हणून दर वेळी आत ओढायचं. घड्याळ पुढे सरकत होतं. खाली झेरॉक्सवाल्याने शटर अर्धं ओढलं. मयूर नखं खात होता.

"आजी, मनात काय चाललंय?"

"हा मुडदा बाहेर सोडत नाय, हे चाललंय."

"आणि... त्या तीन शब्दांचं?"

"काय तीन शब्दांचं?"

मयूरने बंगलोरहून आलेल्या नियमांच्या कागदाकडे पाहिलं. प्रश्न विचारायला मनाई नव्हती. "तुम्ही दुसरं एखादं उत्तर... म्हणजे एकच का निवडता, एवढंच विचारतोय."

पुतळाबाईंनी हातातला माउस सोडला आणि खुर्चीतून पूर्ण वळून त्याच्याकडे पाहिलं. "तुला आई हाय ना?"

"आहे की. सटाण्याला."

"मग तिला विचार. घरातून निघताना जाते म्हणत्यात का? बाईमाणूस एकटं, समोर शनी, आन् म्हणू, जाते? आमच्याकडं गेणू शिंपी म्हणाला एकदा. 'जातो,' म्हणाला आन् पायरी उतरला. आजपर्यंत परत आला नाय."

"तो मालेगावला असतो, आई," ललिताच्या तोंडून निघून गेलं. "दुसरं लग्न केलंय त्याने."

"ललिताताई, नियम," मयूर हळूच म्हणाला.

"म्हंजे परत आला नाय, तेच म्हणते मी," पुतळाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा बोळ चालायला लागल्या.

ललिताला दाराची ती ओळ आठवली. इंग्रजीत तिथे बाहेर पडणं, आत येणं, थांबणं एवढंच होतं. तिने सरळ उतरवून ठेवलं, जाते, येते, थांबते, आणि पुढच्या ओळीला लागली. रोज सकाळी चपला घालताना ती स्वतः काय म्हणते? येते हं आई. जन्मात कधी जाते म्हणाली नाही, दुकानात सुतळी आणायला निघाली तरी नाही. आणि अरुंधतीला मात्र बिनदिक्कत जाते म्हणायला लावलं, शनीपुढे.

साडेचार झाले. पुतळाबाईंचा खांदा दुखायला लागला होता, त्या तो दाबत दाबत टिचक्या मारत होत्या. बोला. येते. या. पण उठत नव्हत्या, आणि जाते म्हणत नव्हत्या. त्या स्टेशनातली हवा संपली असती, शनीचं कडं गळून पडलं असतं, तरी म्हणाल्या नसत्या. ललिता ओळखून होती.

मग तिला एक विचार आला, आणि तो चांगला नव्हता. संपू दे. आणखी अर्धा तास गप्प बसलं की मराठी जाईल आणि आपण घरी जाऊन पडू. फ्रिज नको, टाकी नको, दार नको. उद्या रविवार. रवीला, म्हणजे नवऱ्याला, अंबडच्या कारखान्यात उद्या सुट्टी, तो करेल चहा. या विचाराने तिला इतकं हलकं वाटलं की मान आपोआप भिंतीला टेकली. झोप अगदी पापणीवर येऊन बसली होती.

पुढून पुतळाबाईंचा आवाज आला. आता त्या दाराशी मनातल्या मनात नाही, तोंडाने बोलत होत्या, हळू, समजावल्यासारख्या. "असं करू नये. बाई दमलीय. किती वेळ सांगायचं, येते म्हणून? सोड की तिला."

ललिताने डोळे उघडले. बाई म्हणजे अरुंधतीच असणार. तरी तिने खालची पिशवी ओढली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

गेममधले शब्द एका वेगळ्या फाइलीत असतात, आणि ती फाइल ललिताला लॅपटॉपवरूनही उघडता यायची. पात्र एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं की गेम ती फाइल नव्याने वाचतो. आणि पुतळाबाई तर सारख्या या खोलीतून त्या खोलीत चालत होत्या.

"ललिताताई," मयूर कुजबुजला, "मदत करायची नाहीये."

"मी बोलतेय का काही?"

"नाही, पण..."

"त्यांना कुठं मदत करतेय? दाराला करतेय."

मयूरने कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. खेळणाऱ्याला मदत करू नये, असं होतं. दाराबद्दल काही नव्हतं. त्याने कागद उलटा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. बाहेर बघण्यासारखा पाण्याचा एक टँकर तेवढा होता.

ललिताने ती ओळ शोधली. 'जाते' खोडून तिथे 'येते' लिहिलं. खालच्या 'येते'च्या जागी काय लिहावं ते सुचेना, बोटं जड झाली होती. मग तिने लिहिलं, 'राहू दे, आतच बरी.' दाराचं 'या' तेवढं तसंच ठेवलं. बाहेर सोडतानाही या म्हणतातच की. फाइल जतन केली आणि लॅपटॉप मिटला.

पुतळाबाई स्वयंपाकघरातून निघाल्या. बोळ. हेल्मेट. दार.

"बोला."

त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि थांबल्या. चष्मा वर केला, खाली केला. "ये पोरा, हे बघ. शब्द बदलला त्याने."

मयूर टँकरकडेच बघत राहिला.

"घाबरला," पुतळाबाई म्हणाल्या. "सारखं सारखं सांगितलं ना, की यंत्र असलं तरी त्याला कळतं. कुणीतरी घरचं माणूस समजावायला लागतं." आणि त्यांनी 'येते'वर टिचकी मारली.

"या," दार म्हणालं, आणि बाहेरचं दार उघडलं. समोर काळंभोर आभाळ, त्यात शनीचं कडं, आणि दोरीला टांगलेलं छोटं पांढरं यान.

पाचला थोडा अवकाश असताना मयूरने बंगलोरला लिहिलं, गेम पूर्ण केला, खेळणारीला कुणी काही सांगितलं नाही, मधेच एक शब्द दुरुस्त केला. तिकडून लगेच फोन आला. कोणता शब्द? मयूर इंग्रजीत समजावत बसला, की आमच्याकडे माणूस निघताना मी येतो म्हणतो. नाही, येत नसतो, जात असतो. नाही, खोटं नाही बोलत. नाही, दारालाही तसंच सांगायचं. बराच वेळ चाललं. शेवटी त्याने फोन ठेवला आणि ललितासमोर येऊन उभा राहिला.

"मराठी राहिली, ताई. पण म्हणाले, असं आणखी कुठे कुठे असेल ते सगळं तपासून द्या. प्रत्येक दार."

ललिताने मान हलवली. त्या स्टेशनात खोल्या कमी आणि दारं जास्त होती. तिला आनंद झाला होता, पण उठून उभं राहावं इतका नव्हता. "सोमवारी बघते," ती म्हणाली, आणि टेबलावर हात ठेवून त्यावर डोकं ठेवलं. "आई, चला. संपला गेम."

पुतळाबाई हलल्या नाहीत. पडद्यावर यान लांब चाललं होतं आणि खालून वर नावं सरकत होती, त्यात एक ललिताचंही होतं. त्या नावांवर, शनीवर, उरलेल्या आभाळावर त्या एकेक करून टिचकी मारत होत्या.

"आई, काय शोधताय?"

"वाट."

"कशाची? सुटली ना ती."

"सुटली खरी. पण येते म्हणून निघालीय ती," पुतळाबाई म्हणाल्या, आणि शनीच्या कड्यावर अजून एक टिचकी मारली. "ते दार बसलं असेल ना वाट बघत."

ललिताने डोकं वर न उचलता हात लांब केला आणि कॉम्प्युटर बंद करायचं बटण चाचपडलं. ते सापडलं, पण तिने दाबलं नाही.