शुक्रवारची राखण

आमच्या गावाचं चर्च दोन समुद्रांचं आहे. छपराच्या उजव्या उतारावर पडलेलं पाणी सुलुपाल नदीला मिळून कॅरिबियनला जातं. डाव्या उतारावरचं पॅसिफिकच्या वाटेला लागतं आणि बहुधा वाटेतच आटतं. होंडुरासच्या डोंगराच्या नेमक्या कण्यावर गाव वसवताना पूर्वजांना काय सुचलं होतं कोण जाणे. भांडायला दोन बाजू असाव्यात, एवढी काळजी मात्र त्यांनी घेतली.

माझं घर आणि कॉफीची बाग उजवीकडे, ओल्या खोऱ्यात. तिबुर्सियोचं शेत डावीकडे, कोरड्यात. तो माझ्या मुलीचा, नोएमीचा धर्मपिता, म्हणजे माझा कोंपाद्रे; माझी बायको त्याची कोमाद्रे. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वरचं, कारण भाऊ निवडून घेता येत नाही. बाप्तिस्म्याच्या दिवसापासून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करू लागलो. शिव्या पूर्वीच्याच राहिल्या, फक्त आदरार्थी झाल्या.

मग एका कंपनीच्या लक्षात आलं, की सुलुपाल चुकीच्या समुद्राला जाते. डोंगराच्या पोटातून बोगदा काढून तिला डावीकडे पाडायचं आणि पडता पडता तिच्याकडून वीज काढून घ्यायची. बोगदा पलीकडून खणून झाला होता. उरलं होतं ते आमच्या बाजूने नदीचं तोंड वळवणं, आणि त्यासाठी यंत्रं आमच्या पुलावरूनच यायला हवी होती. आम्ही पुलाला साखळी घातली, कुलूप लावलं आणि पाळीपाळीने राखण धरली. प्यायला, गुरांना, कॉफी धुवायला आम्हाला दुसरं पाणी नव्हतं.

ईस्टरचा आठवडा आला आणि शुक्रवारचा प्रश्न उभा राहिला. गुड फ्रायडेला जो नदीत पाय घालतो त्याचा मासा होतो, हे आमच्याकडे सगळे जाणतात. माझ्या आजोबांचा एक मेहुणा असाच झाला होता. तो शेजारणीला घेऊन पळाला, असंही काहीजण म्हणतात.

गुरुवारी आमच्या स्वयंपाकघरात गुळातला भोपळा शिजत होता. माझी बायको ओतिलिया म्हणाली, “उद्या पुलावर कोण? सगळे तर मिरवणुकीत.”

“यंत्रं चालवणारी माणसंच ना, कोमाद्रे?” तिबुर्सियो म्हणाला. “त्यांना काय मासे व्हायची हौस आहे?”

“आणि आले तर?” मी विचारलं.

“तर तळून खा, कोंपाद्रे. उपवासाला मासा चालतो.” सगळे हसले. मग तो म्हणाला, “जा तुम्ही निवांत. मी बसतो पुलावर. पुलावर बसून कुणाला खवले फुटत नाहीत.”

“एकटेच?”

“तुमचं घोरणं ऐकण्यापेक्षा एकटा बरा.”

मी त्याला किल्ली दिली. शिवाय वाटीभर भोपळाही दिला.

शुक्रवारी घंटा वाजवत नाहीत, लाकडी खुळखुळा फिरवतात. मिरवणूक चढावर आली तेव्हा खडखडाट वाढला आणि आम्ही कौतुकाने खुळखुळेवाल्याकडे पाहिलं. त्याचा हात स्थिर होता. आवाज खालून, नदीकडून येत होता.

आम्ही धावत खाली गेलो. यंत्रं पूल ओलांडून पात्रात उतरली होती. चालक सगळे नव्या पंथाचे, हालेलुया म्हणणारे. त्यांना शुक्रवार नुसता शुक्रवार. निम्म्या देशाने पंथ बदलला, आणि आमच्यापैकी एकालाही ते आठवलं नव्हतं. एक चालक गुडघाभर पाण्यात उभा राहून मक्याची भाकरी खात होता. शेपूट कधी फुटतं म्हणून ओतिलिया त्याच्याकडे टक लावून बघत होती. फुटलं नाही.

साखळी तुटलेली नव्हती. कुलूप उघडून खांबाला नीट अडकवलेलं होतं. आणि माझा कोंपाद्रे टोपी हलवून शेवटच्या यंत्राला वाट दाखवत होता: डावीकडे घ्या, अजून थोडं डावीकडे.

शनिवारी सकाळी सुलुपाल घोट्याएवढी झाली. दुपारी दगड दिसले. तेव्हा तिबुर्सियो आमच्या दारात आला.

“बोगदा माझ्या शेताच्या वर उघडतो,” तो म्हणाला.

“कळलं आता.”

“माझी आई घागर घेऊन हा डोंगर चढायची. तुमचे वडील हसायचे तिला. ‘काय बाई, समुद्र पलीकडे नेतेस का?’”

“मग मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर किल्ली दिली असतीत?”

प्रश्न बरोबर होता. मी त्याला बसा म्हटलं नाही.

“उद्या ज्यूडासच्या मृत्युपत्रात माझं नाव घाला,” तो हळू आवाजात म्हणाला. “सणसणीत घाला. लोक हसले की राग उतरतो.”

ईस्टरच्या सकाळी आम्ही चौकात पेंढ्याचा ज्यूडास जाळतो, येशूला दगा देणारा तोच. आधी त्याचं मृत्युपत्र वाचतात. ज्यूडास जाता जाता गावातल्या एकेकाला काहीतरी ठेवून जातो. ते रचायचं काम माझ्याकडे.

रविवारी सगळा गाव जमला. ज्यूडासने महापौरांना आपली सदसद्विवेकबुद्धी दिली, अजिबात न वापरलेली. पाद्रीबाबांना झोप दिली, कारण त्यांची प्रवचनातच संपते. ओतिलियाला जीभ दिली, आधीची झिजली असल्यास उपयोगी पडेल म्हणून. मला एक कुलूप दिलं. लोक पोट धरून हसले. तिबुर्सियो धुतलेला सदरा घालून पुढेच उभा होता, चेहऱ्यावर हसू तयार ठेवून.

मी कागदाची घडी घातली.

“कोंपाद्रे,” तो म्हणाला, “एक राहिलं.”

“नाही,” मी म्हणालो. “गावातले सगळे झाले.”

कुणी हसलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू मात्र तसंच राहिलं. त्याचं आता काय करावं, हे त्याला कळत नव्हतं. मी काडी लावली.

पेंढा चटकन जळाला. निखारे विझवायला ओतिलिया बादली घेऊन निघाली ती सवयीने उजवीकडे, आणि चार पावलांवर थबकली. डावीकडच्या उतारावरून पाण्याचा आवाज येत होता.

“द्या इकडे, कोमाद्रे,” तिबुर्सियोने हात पुढे केला. “मी आणतो भरून.”

ओतिलियाने बादली जमिनीवर पालथी घातली आणि तिच्यावर बसली.