गाढव परत येतं ते पान

ज्या वर्षी माझ्या धाकट्या मुलीला जुळे झाले आणि बायको तीन महिन्यांसाठी म्हणून तिच्याकडे गेली ती वर्ष उलटलं तरी परतली नाही, त्या वर्षी मी वाचायला शिकलो. मला एकाहत्तरावं चालू होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. तिथे दुपारी मोठ्या माणसांचा अक्षरवर्ग भरायचा. बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आता काय साहेब व्हायचंय का? आधी दूध उतू न घालता तापवायला शिका."

खरं म्हणजे माझा सगळा जन्म पुस्तकांत गेला. पन्नासच्या वर वर्षं मी बाइंडिंगच्या कारखान्यात होतो. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. त्यांच्या घड्या घालून सोळा पानांचा एक फर्मा व्हायचा. फर्मे ओळीनं जुळवायचे, शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा. पुस्तकाची पाठ मला अंधारातही ओळखू आली असती. पोटात काय असतं ते मात्र मला लोकांनी सांगायचं.

लोकांनी म्हणजे अक्कानं. माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मी पंधरा वर्षांचा आणि ती विशीची असताना आम्ही दोघं एकाच कारखान्यात होतो. ती घड्या घालायची, मी फर्मे जुळवायचो. ती सातवी शिकलेली होती. बिघडलेली एखादी प्रत मालक घरी नेऊ द्यायचा. संध्याकाळी भाकरी थापून झाली की अक्का चुलीजवळच बसून वाचून दाखवायची. त्यातलं एक मुलांसाठीचं पुस्तक होतं. एक मुलगी आपल्या हरवलेल्या घड्याळजी काकाला शोधायला निघते, सोबतीला एक बहिरं गाढव. निम्म्याहून जास्त वाचून झालं आणि अक्काचं लग्न ठरलं. मी म्हटलं, "पुढचं?" ती म्हणाली, "पुढचं तू वाच." आणि बसमध्ये बसली.

मी वाचलं नाही. ते पुस्तकही पुढे घर बदलताना कुठे गेलं कोण जाणे. अक्काला विचारलं असतं तर तिनं दोन वाक्यांत शेवट सांगितला असता. पण मला सांगितलेलं नको होतं. मला तिचा आवाज पाहिजे होता, एकेका पानावर थांबत जाणारा. ती सासरी दोन तासांच्या अंतरावर. भेटायचो ते लग्नाकार्यात, चारचौघांत. दाढीमिशा आलेल्या माणसानं बहिणीला वाचून दाखव कसं म्हणायचं?

मग अक्काला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, आणि वाचायचं तर अक्षरं हलतात म्हणाली. मी अक्षरवर्गात नाव घातलं ते त्यानंतर आठ दिवसांनी. म्हटलं, उरलेलं पुस्तक आता आपण तिला वाचून दाखवायचं. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा झटका कधीही येईल. त्यामुळे घाई होती.

जोडाक्षरांपर्यंत पोचायला मला सात महिने लागले. मग वर्गाच्या बाईंना मी त्या पुस्तकाबद्दल विचारलं. नाव आठवत नव्हतं. बहिरं गाढव म्हटल्यावर त्या हसल्या. "आजोबा, ते तर आमच्या शनिवारच्या मुलांचं पुस्तक. सहा प्रती आहेत. एक मुलगी शाळा सोडून गेली, तिची जागा रिकामी आहे. येता का?"

शनिवारी गेलो तर लहानशा खुर्च्या गोल मांडलेल्या. पाच पोरं, दहा-अकरा वर्षांची. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड. बाईंनी सहा कामं वाटलेली असायची आणि दर शनिवारी ती फिरायची. एकानं प्रश्न काढायचे, एकानं अडलेले शब्द शोधायचे, एकानं चित्र काढायचं, एकानं गोष्टीतलं आपल्या घरादाराशी जोडून दाखवायचं, एकानं उतारा निवडून मोठ्यानं वाचायचा आणि एकानं आठवड्याचा भाग थोडक्यात सांगायचा. पोरांनी त्यांची नावं पाडली होती. प्रश्न्या, शब्द्या, चित्र्या, जोड्या, उताऱ्या, थोडक्या. नियम एकच. जे काही बोलायचं ते पान क्रमांकासकट.

मला आधी शब्द्या केलं. शब्द निघाला 'उसवणे'. पाचांपैकी एकालाही माहीत नव्हता. मी खिशातल्या रुमालाची कड दातांनी तोडून दोरा ओढून दाखवला. सगळ्यात लहान पोरगी होती, तिला मुंगी म्हणत, तिनं विचारलं, "आता आजी रागावतील ना?"

"आजी लांब आहे," मी म्हटलं.

दुसरी एक होती, तिला सगळे वकील म्हणत. ती म्हणाली, "म्हणूनच तोडला."

वाचायची मला सवय होत होती. घरी दिवसाला दोन पानं, कधी तीन. एकट्यानं सगळं पुस्तक हाती घेतलं असतं तर धीर सुटला असता. इथे आठवड्याला एकच काम असायचं. त्या कामापुरतं पुस्तकात शिरायचं, तेवढं जमायचं. उताऱ्याचं कार्ड मात्र मी मुंगीबरोबर बदलून घेतलं. मोठ्यानं वाचायची लाज वाटायची. वकील बघत होती, पण बोलली नाही.

चौथ्या शनिवारी मी थोडक्या होतो. शहाण्णव पानांपर्यंतचं सांगायचं होतं. शेवटची पंधराएक पानं माझी वाचून व्हायची होती, पण म्हटलं, हा भाग तर आपल्याला तोंडपाठ आहे. सांगायला लागलो. नदीला पूर येतो, मुलगी दगडावर चढते, गाढवाला हाका ऐकू येत नाहीत आणि ते वाहून जातं. "पण पुढे काठाला लागतं," मी म्हटलं. "कानात चिखल भरलेला असतो. मुलगी म्हणते, बरं झालं, नाहीतरी तुला ऐकू कुठे येत होतं."

कोणी हसलं नाही.

"पान?" वकील म्हणाली.

मी चाळायला लागलो. एकदा पुढे, एकदा मागे. बोट ओळीवरून घसरत होतं.

"आजोबा, गाढव मेलंय," ती म्हणाली. "पान ब्याण्णव. परत येत नाही. मी शेवटपर्यंत वाचलंय."

"तू पुढचं का वाचलंस?" बाईंनी विचारलं.

"मला धीर नव्हता."

मुंगी म्हणाली, "आजोबांनी मनानंच जिवंत केलं." आता मात्र सगळे हसले. मीही हसलो, पण माझे कान तापले होते. अक्काच्या आवाजातलं ते वाक्य मी छप्पन्न वर्षं जपलं होतं. कानात चिखल.

हातांना सवय म्हणून मी पुस्तक उलटं धरून पाठ पाहिली. आमच्याच कारखान्याची शिवण होती. मग प्रत्येक फर्म्याचं पहिलं पान काढलं. तळाशी डाव्या कोपऱ्यात बारीक आकडा असतो. वाचणाऱ्याला तो दिसतही नाही, तो जुळवणाऱ्यासाठी असतो. पान तेहतीसवर ३. पान एक्याऐंशीवर ६.

पंधराव्या वर्षी मला अक्षर येत नव्हतं आणि आकडेही चित्रासारखे पाठ केलेले. मुकादमानं शिकवलं होतं, ३ चं तोंड डावीकडे, ६ चं उजवीकडे. पण फर्म्यांचा ढीग माझ्याकडे पाठ करून ठेवलेला असला तर माझं डावं-उजवं फिरायचं. मी तिसऱ्याच्या जागी सहावा जुळवला होता आणि सहाव्याच्या जागी तिसरा. आमच्या घरच्या प्रतीत गाढव आधीच बुडायचं आणि पुढच्याच पानावर मुलीबरोबर रस्त्यानं चालत असायचं. अक्कानं मधली वाक्यं स्वतःची घातली होती, म्हणजे मला काही कळू नये.

मी मुलांना हे सगळं सांगितलं. चित्र्यानं कागदावर ३ आणि ६ काढून आरशातल्यासारखे समोरासमोर ठेवले. वकील त्या कागदावर वाकली. मग म्हणाली, "मग तुमची अक्का वाचत होती की सांगत होती?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"पान सांगा."

"त्याला पान नाही गं बाई."

पुढच्या बुधवारी बाईंना विचारून प्रत बरोबर घेतली आणि पहिली बस पकडली. अक्काची सून शिवणकाम करते. तिनं मशीन बंद करून मला खाटेजवळ खुर्ची दिली. अक्का उशीला टेकून बसली होती. मी गळ्यात उताऱ्याचं कार्ड घालून गेलो होतो. तिनं डाव्या हातानं ते ओढून पाहिलं.

"काय... हे?"

"आज मी उताऱ्या. तुला काय व्हायचंय?" मी सहाही कामं सांगितली.

"प्रश्न्या," ती म्हणाली. "कष्ट... कमी."

पहिल्या पानापासून सुरुवात केली. मी अडखळलो की ती बोट वर करायची. 'क्ष' आला की माझी गाडी रुतायची, आणि तिला हसू यायचं तेही अर्ध्याच तोंडानं. त्यानंतर दर बुधवारी जात राहिलो. सून म्हणायची, "मामा आले की आईंना भूक लागते." दर वेळी दहा-बारा पानं. ब्याण्णवावं पान आलं तेव्हा मी थांबलो.

"तुला माहीत होतं?"

तिनं मान डोलावली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मुकादमानं... काढला असता." ती दमली. थोड्या वेळानं म्हणाली, "बाकीचे... उसवले. मी."

कारखान्यात ते पुस्तक चालू होतं त्या आठवड्यात तिच्या बोटांना चिंध्या होत्या. कागद लागला म्हणाली होती. साठएक पुस्तकं असतील. रोज सगळ्यांच्या आधी कारखान्यात जाऊन तिनं शिवण काढली, फर्मे नीट लावले आणि परत शिवलं. आणि संध्याकाळी मला चुकीच्याच प्रतीतून गोष्ट वाचून दाखवली. नवीन प्रत आणली असती तर मी विचारलं असतं.

"वाच," ती म्हणाली.

मी गाढवाचं मरण वाचलं. जसं छापलंय तसं, एकही शब्द न घालता. तिनं डोळे मिटले नाहीत.

शेवटचं प्रकरण पाच मार्चला वाचून झालं. काका सापडतो, पण मुलीला ओळखत नाही. ती त्याच्या दुकानात रोज जाऊन बसते, एवढंच. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "प्रश्न्या, काढ प्रश्न."

सून दारात येऊन उभी राहिली होती.

"तेव्हा... का नाही शिकलास?"

खोटं बोलता आलं असतं. पोटापाण्याचं कारण होतंच. पण म्हटलं, "मला वाचता आलं असतं तर तू कशाला वाचून दाखवलं असतंस? वाटायचं, सुट्टीला येशील तेव्हा पुढचं वाचशील."

"आले... होते. तीनदा."

"हो. तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं."

तिनं माझ्या गळ्यातलं कार्ड धरलं ते सोडलं नाही. बसची वेळ झाली तसं मी ते गळ्यातून काढून तिच्या हातातच राहू दिलं. शनिवारी बाईंना सांगितलं, एक कार्ड कमी आहे, मी नवीन करून आणतो.

अक्का मार्चच्या चोवीस तारखेला, सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता दुसऱ्या झटक्यानं गेली. तिला शहात्तर पुरी झाली होती.