चौथ्या रांगेतली विहीर

पाण्याचा टँकर वळून गेला आणि सोसायटीच्या पार्किंगमधले फरशीचे ब्लॉक परातीएवढ्या जागेत खाली बसले. दशरथ ओव्हाळ झटकन उठून उभे राहिले. तिथून दोन हातांवर त्यांची नात स्पृहा मैत्रिणींबरोबर लंगडी खेळत होती.

"स्पृहा, इकडं ये. पळू नकोस, हळू चालत ये."

मुली लांब गेल्यावर दशरथ सोसायटीच्या मागच्या जुन्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि पावलं मोजत निघाले. पूर्वी इथे असलेल्या चांदणी ड्राइव्ह-इन थिएटरचं तेवढंच काय ते उरलं होतं. त्या भिंतीपुढे पांढरा पडदा असायचा. बिबवेवाडीच्याच नाही, पार पेठांतल्या लोकांच्या फियाट इथे रांगेनं लागत. खांबावरचा स्पीकर खिडकीला अडकवायचा आणि गाडीत बसून सिनेमा बघायचा. एकशे चाळीस खांबांची वायर दशरथांच्या हातची होती. चौथी रांग, अकरावा खांब. त्याला लागूनच विहीर, वर लोखंडी जाळी.

मोजणी खचलेल्या ब्लॉकपाशीच संपली.

थिएटर बंद पडलं तेव्हा बिल्डरच्या माणसांनी दोन दिवसांत विहीर बुजवली. मोडक्या खुर्च्या, पडद्याच्या फळ्या, जे हाताला लागलं ते आत, वरून मुरूम. "लाकूड कुजेल, खाली पोकळी राहील," दशरथ म्हणाले होते. "तू वायरी काढ," मुकादम म्हणाला. नव्या इमारतीत इलेक्ट्रिशियनचं काम त्यांना मिळणार होतं. ते गप्प बसले. पुढे कल्याणीनं, त्यांच्या मुलीनं, इथेच फ्लॅट घेतला तेव्हाही गप्प बसले. गृहप्रवेशाच्या दिवशी बुद्धवंदना चालू असताना त्यांना दरदरून घाम फुटला होता. पंखा वाढवा, असं कल्याणी कुणालातरी म्हणाली होती.

सोसायटीचे सेक्रेटरी चेतन आपटे खाली आले.

"आजोबा, ब्लॉक बसलेत जरा. उद्या माणूस येईल."

"खाली विहीर आहे, साहेब. गाड्या काढायला सांगा. माझ्यासमोर बुजवलीय."

"आठ वर्षं येताय इथं. सांगायला मुहूर्त सापडला नाही वाटतं?"

"घाबरलो होतो," दशरथ म्हणाले. "आत्ताही घाबरलोय."

आपट्यांनी माळ्याला पहार आणायला सांगितली. दोन ब्लॉक उचकटून माळ्यानं पहार मारली. तिसऱ्या घावाला ती त्याच्या हातातून सुटली आणि सरळ आत गेली. थोड्या वेळानं खोलवर पाण्याचा आवाज झाला.

माळी मागे सरकला. आपट्यांनी अग्निशमन दलाला फोन लावला.

कल्याणी जिन्यावरून धावत खाली आली. कुणीतरी तिला सगळं सांगितलं होतं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"स्पृहा रोज इथं खेळते."

"हो."

ती आणखी काही विचारेल म्हणून ते थांबले. तिनं मुलीचा हात धरला आणि भिंतीच्या कडेकडेनं आपल्या गाडीकडे गेली.

अग्निशमन दलाची गाडी यायला वेळ होता. खड्ड्याकडे कुणी येऊ नये म्हणून माळ्यानं कपडे वाळत घालायची दोरी आणून एक टोक नळाला बांधलं. दुसरं बांधायला काही नव्हतं, म्हणून दशरथ ते हातात धरून उभे राहिले. एकेक गाडी बाहेर निघू लागली.

"डावीकडून घ्या. सावकाश," ते प्रत्येकाला सांगत होते.

कल्याणीची गाडी आली. काच बंद होती. तिलाही त्यांनी तसंच सांगितलं.