साडेतीन मिनिटांचं पहिलं गाणं

स्कॉटलंडची चार पोरं आपल्या बँडचं पहिलंवहिलं सिंगल, म्हणजे एक सुटं गाणं, रेकॉर्ड करायला गुडगावला का आली, हे कौशल्याबाईंना शेवटपर्यंत नीट कळलं नाही. हरीश भाटियाच्या तळघरातला स्टुडिओ त्यांना परवडत होता, एवढंच त्यांची लेक रसिका सांगायची. रसिका कॉल सेंटरमध्ये होती, अमेरिकन इंग्रजीचं ट्रेनिंग घेतलेली, म्हणून हरीशनं तिला दुभाषी नेमलं होतं. पण या पोरांपुढे तिनंही हात टेकले होते. "आई, ही इंग्लिश नाहीये यार. मी नुसती हसते, तेही हसतात, काम चालतं."

या चौघांना गाण्यात बॅगपाइप हवी होती. तिकडे गल्लोगल्ली वाजवणारे सोडून इथे! तिकडच्या वादकांनी म्हणे गाणं ऐकून पाठ फिरवली होती. हरीशला एकदम समोरच्या बिल्डिंगमधले कौशल्याबाईंचे यजमान, गुलाबराव, आठवले. मराठा पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेले पाइप-मेजर, बॅगपाइपवाल्यांचे म्होरके. तो तडक त्यांच्या घरी आला.

"आंटीजी, अंकलजी को बस साढ़े तीन मिनट बजाना है."

कौशल्याबाईंनी आत नजर टाकली. नवरा पलंगावर बसून टीव्हीवरचा शेतकी कार्यक्रम आवाज बंद करून बघत होता. दिल्ली छावणीतलं क्वार्टर सोडून सातव्या मजल्यावर आल्याला वर्ष झालं, गुलाबरावांनी बॅगपाइपची पेटी उघडली नव्हती. 'एकट्यानं काय वाजवायचं? पलटण कुठंय?' एवढं बोलून विषय मिटवला होता. पुढे पुढे बोलणंच आटत गेलं. चहा, पेपर, झोप. उभा जन्म त्या वाजवण्याला वैतागलेल्या कौशल्याबाईंना आता घरातली शांतता खायला उठायची. एकदा वाजवू देत, मग ते मेलं गाणं कसं का असेना.

"येतील," त्यांनी परस्पर सांगून टाकलं.

बायकोनं शब्द दिला म्हणून गुलाबराव आले. मिशीला पीळ, शर्टाला कडक इस्त्री. तळघराच्या भिंतींना गाद्या ठोकलेल्या, खाली वायरींचं जंजाळ. एक उंच पोरगा गायचा, एक तांबड्या केसांचा ढोल बडवायचा, उरलेले दोघे गिटारी घेऊन कोपऱ्यात. उंच पोरानं माइकपुढे जमिनीवर खडूनं फुली मारली, गुलाबरावांना तीवर उभं केलं आणि हलायचं नाही अशी खूण केली.

गुलाबरावांनी काखेतली पिशवी फुगवली. रेडकू हरवलेल्या म्हशीनं हंबरावं तसा सूर निघाला. पुन्हा फुगवली. पुन्हा म्हैस.

"उभं राहून नाही जमत," ते खालमानेनं बायकोला म्हणाले. "तीस वर्षांत कधी उभं राहून वाजवलंय? पाय चालले की बोटं चालतात."

आणि ते पेटी उघडायला वाकले. कौशल्याबाई पुढे सरसावल्या. आता पाइप पेटीत गेली ती कायमचीच.

"मग चाला की!" त्या ओरडल्या. "तेज चल!"

छावणीत वीस वर्षं परेड ऐकलेल्या बाईचा आवाज तो. गुलाबरावांचा डावा पाय आपसूक उचलला गेला आणि असा सूर फुटला की हरीशचा चहा बशीत सांडला. उंच पोरगा आनंदानं किंचाळला. पण तळघर होतं बारा पावलांचं. तेराव्या पावलाला दार आलं, ते गुलाबरावांनी खांद्यानं ढकललं आणि उतार चढून ते रस्त्यावर आले.

मागोमाग वरात. उंच पोरानं कपडे वाळवायच्या काठीला माइक बांधला, हरीशनं रेकॉर्डर छातीशी कवटाळला, तांबड्यानं रसिकाच्या ओढणीनं एक ढोल गळ्यात अडकवला. गिटारवाल्यांच्या वायरी पुरल्या नाहीत, ते मागेच राहिले. सेक्टरातल्या अर्धवट इमारतींवरचे मजूर वाकून बघू लागले. गेटागेटावरचे गार्ड सलाम ठोकू लागले. दुधाच्या रांगेतला एक सरदारजी किटली सांभाळत नाचायलाच लागला. "बारात किसकी है जी? दूल्हा कित्थे?"

साडेतीन मिनिटं कधीच उलटली होती. गुलाबराव हायवेच्या दिशेनं निघाले होते.

"बाबा, बस!" रसिका धापा टाकत होती.

"अंकलजी, कट! कट!" हरीश बोंबलत होता. पण 'कट' असा हुकूम फौजेत नसतो.

'थम' म्हटलं की नवरा थांबेल, हे कौशल्याबाईंना ठाऊक होतं. शब्द जिभेवर होता, पण निघेना. थांबला आणि परत त्या पलंगावर जाऊन बसला तर? चपला फटाफटा वाजवत त्या शेजारून पळत होत्या. घामानं निथळणारा तो चेहरा त्यांनी किती दिवसांनी पाहिला होता! पण पुढे ट्रकांची रांग धडधडत होती.

"पीछे मुड़!"

गुलाबराव गर्रकन वळले. तांबडा त्यांच्यावर आदळला, सावरला, तोही वळला. सरदारजीसुद्धा वळला. सगळी वरात तळघरात परतली तेव्हा गिटारवाले समोसे खात होते. बिचारे तोंडातल्या घासानिशी तारांवर तुटून पडले.

गुलाबराव फुलीवर पोचताच कौशल्याबाईंना सुचलं. "कदम ताल!"

गुलाबराव जागच्या जागी पाय आपटत वाजवू लागले. हे आधी कुणालाच कसं सुचलं नाही, या विचारानं हरीशनं कपाळावर हात मारला. उंच पोरानं गायला तोंड उघडलं. साडेतीन मिनिटांनी हरीशनं हात हलवला, तेव्हा कौशल्याबाई डोळे मिटून म्हणाल्या, "थम."

तोही आवाज टेपवर आला. पुसू का, हरीशनं विचारलं. उंच पोरगा यंत्रापुढे आडवाच उभा राहिला. त्यांच्या पहिल्या सिंगलचा शेवट ठरला होता.

कौशल्याबाई मात्र नवऱ्याकडे बघत होत्या. गुलाबरावांनी पेटी उघडली, पाइप आत ठेवली, घाम पुसला. मग तांबड्याकडे बोट दाखवलं.

"हे पोरगं चौथ्या पावलाला घसरतंय. रसिका, सांग त्याला, उद्या सकाळी सहाला खाली पार्किंगमध्ये."

"बाबा, गाणं झालं. ओके झालं."

"गाणं झालं असेल. याचा हात झालेला नाही."

लिफ्ट बंद होती. सात मजले गुलाबराव एका हातात पेटी घेऊन बोलत राहिले: मनगट कसं ताठ धरतो, खांदा कसा उडतो, हा पलटणीत असता तर त्याला महिनाभर नुसता ढोल वाहायला लावला असता. मधेच थांबून त्यांनी जिन्याच्या कठड्यावर ठेका वाजवून दाखवला.

घराचं दार आलं. किल्ली कौशल्याबाईंच्या मुठीतच होती. तरी त्या पर्स चाचपत राहिल्या, आणि म्हणाल्या, "बरं, मग? खांद्याचं काय म्हणत होता?"