शिट्टीच्या आधी

"हात अंगाला चिकटलेला होता," सूट न्यायला आलेलं गिऱ्हाईक म्हणत होतं. "चिकटलेल्या हाताला बॉल लागला तर पेनल्टी कशी देतात, मला सांगा."

लाँड्रीच्या मालकाचं मत वेगळं होतं. हात चांगला वीतभर सुटलेला होता, पेनल्टी बरोबरच होती. पण पंचाने एवढा मोठा निर्णय देताना बाजूला ठेवलेल्या स्क्रीनपाशी जाऊन एकदा बघायला नको? तेवढ्यात भिंतीवरच्या टीव्हीला पुन्हा तीच दृश्यं लागली आणि दोघेही माना वर करून बघू लागले. कोपऱ्यातून उंच आलेला चेंडू, हिरव्या शर्टातल्या बचावपटूची उडी, दंडाला लागलेला चेंडू, शिट्टी.

आत वाफेच्या इस्त्रीपाशी काकू टीव्हीकडे पाठ करून उभ्या होत्या. मालकाला ते आठवलं तेव्हा उशीर झाला होता. त्याने जीभ चावली, घाईघाईने आवाज बंद केला. गिऱ्हाइकाने कारण विचारलं तेव्हा त्याने पुढे वाकून हळूच सांगितलं. गिऱ्हाइकाने आत डोकावून बघितलं, सूट हातावर टाकला आणि सुट्टे पैसे न घेताच ते निघून गेलं.

काकूंनी हातातल्या शर्टाची कॉलर पुन्हा दाबली. ती आधीच दाबून झालेली होती.

त्या पेनल्टीने हिरव्यांचा संघ हरला आणि पहिल्या श्रेणीतून खाली घसरणार हे नक्की झालं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच गोलपोस्टमागे, तिसऱ्या रांगेत, त्याच वेळी काकूंचे यजमान गेले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. अबोल माणूस. लिफ्टच्या आवाजावरून कुठली पुली कुरकुरते आहे ते ओळखायचे, पण बायको का कुरकुरते आहे ते विचारायला त्यांना दोन दिवस लागत. घरात त्यांनी कधी आवाज चढवला नाही. सगळा आवाज ते मैदानासाठी राखून ठेवत. हिरव्यांचा घरच्या मैदानावरचा सामना म्हटला की लग्न असो, आजारपण असो, मिस्त्री हजर नसत. लेक झाली तेव्हा तेवढे दवाखान्यात होते, कारण ती मध्यंतरात झाली, असं काकू सगळ्यांना सांगत आणि मिस्त्री खाली मान घालून हसत.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कायम कॅप्टन. कॅप्टन तरुणपणी कारखान्याच्या संघाचा कप्तान होता. कारखाना बंद पडला, संघ मोडला, नाव तेवढं राहिलं. बोलायला पटाईत. एक बोलणारा आणि एक ऐकणारा, म्हणून जोडी टिकली, असं काकूंना वाटे.

काकूंनी ती दृश्यं पहिल्यांदा बघितली ती बँकेत, रांगेत उभ्या असताना. रांगेतली माणसं बचावपटूच्या कोपराबद्दल हुज्जत घालत होती आणि काकूंना जाळीच्या मागे मिस्त्रींची तपकिरी टोपी दिसली. आधी दिसली, मग नाहीशी झाली. त्यानंतर ती दृश्यं त्यांच्या पाठीच लागली. बसमध्ये पुढच्या माणसाच्या मोबाइलवर, दातांच्या दवाखान्यात, किराणा दुकानात. अख्खं गाव त्या एका हाताकडे डोळे लावून बसलं होतं आणि मागे एक माणूस रोज शंभरदा मरत होता. बँकेत त्यांना रडू आलं होतं. पुढे रडू आटलं आणि राग यायला लागला. सकाळी डोळे उघडले की राग आधी जागा झालेला असे.

मग वर्तमानपत्रात मथळा आला: चुकीच्या शिट्टीने घेतला चाहत्याचा बळी. खाली कॅप्टनचं बोलणं छापलं होतं. पंचाने माझ्या जिवलग मित्राचा खून केला, असं तो म्हणाला होता. त्या दिवसापासून संध्याकाळच्या चर्चेत कॅप्टन रोज दिसायला लागला. एक माजी खेळाडू, एक पत्रकार, आणि गळ्यात हिरवा मफलर घालून कॅप्टन. तो बोलायला लागला की निवेदिका त्याला मध्ये तोडत नसे. शेवटी शेवटी त्याचा गळा दाटून येई, आणि नेमका तेव्हाच कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ जाई.

आठवड्याच्या आत पंचाच्या घराच्या खिडकीवर दगड पडला. त्याच्या मुलांना शाळेतून काढून नातेवाइकांकडे पाठवल्याची बातमी आली. ती सांगताना माजी खेळाडू म्हणाला की हिंसेचं समर्थन कुणीच करणार नाही, पण लोकांच्या भावनाही समजून घ्यायला हव्यात. एक वार्ताहर काकूंच्या दारात येऊन मिस्त्रींचा फोटो मागू लागला. हसरा असेल तर बरं, म्हणाला. काकूंनी दार लावून घेतलं. त्याच दुपारी कॅप्टनचा फोन आला. शनिवारी मोर्चा काढायचा आहे, त्यालाही फोटोच हवा होता.

त्या संध्याकाळी काकू पहिल्यांदा मुद्दाम टीव्हीसमोर बसल्या. दृश्यं संथ करून दाखवत होते. आजवर त्यांनी फक्त टोपी खाली जाताना बघितली होती, आज त्याच्या आधीचं बघितलं. त्या ताठ झाल्या. लेकीला हाक मारून त्यांनी तेच मोबाइलवर लावायला सांगितलं, मग परत, मग आणखी एकदा. लेक रडायला लागली आणि आई, पुरे आता, म्हणाली. काकूंनी मोबाइल तिच्या हातात दिला आणि आत जाऊन गॅसवर उतू चाललेलं दूध बंद केलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या मैदानाजवळच्या हॉलवर गेल्या. हिरव्यांचे पाठीराखे तिथे जमत. दारातच घामाचा आणि रंगाचा वास आला. जमिनीवर लांबलचक कापड पसरून दोघेजण त्यावर मिस्त्रींचा चेहरा रंगवत होते. कुणाच्या तरी लग्नातल्या फोटोवरून मोठा केलेला. मधोमध खुर्चीवर बसून कॅप्टन पंचाची मागची पापं मोजत होता. गेल्या वर्षी ऑफसाइड दिला, त्याच्या आदल्या वर्षी लाल कार्ड दिलं, हा माणूस पहिल्यापासूनच विकला गेलेला आहे.

काकूंना बघून तो उठला. "या, वहिनी. बसा. तुमच्याकडेच येणार होतो. शनिवारी तुम्ही सगळ्यात पुढे राहिलात तर..."

"तो टीव्ही लावा," काकू म्हणाल्या.

हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर ती दृश्यं कायम तयारच असत. कॅप्टन म्हणाला, "नका वहिनी, तुम्हाला त्रास होईल."

"मी बघितलंय. तुम्ही बघितलं नाहीये."

कुणीतरी लावलं. काकू टीव्हीजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी काचेवर बोट ठेवलं, गोलपोस्टच्या मागे, तिसऱ्या रांगेवर. "चेंडू बघायचा नाही. इथे बघा. संथ करा."

सगळे बघू लागले. कोपऱ्यात चेंडू अजून ठेवायचा होता. रांग उभी होती. तपकिरी टोपीवाला माणूस शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. शेजारचा, हिरव्या मफलरवाला, मागे न बघता खांदा झटकतो. हात हवेत राहतो आणि टोपी खाली जाते. चेंडू येतो. बचावपटू उडी मारतो.

"थांबवा," काकू म्हणाल्या. "शिट्टी वाजली?"

सगळ्यांनी कॅप्टनकडे बघितलं.

"कॅप्टन, तुम्हाला विचारते आहे. शिट्टी वाजली का?"

"नाही."

"आणि हा खांदा कुणाचा?"

कॅप्टन पडद्याकडे बघत राहिला. त्याचा हात आपोआप स्वतःच्या खांद्यावर गेला, तिथे काही चिकटलं आहे की काय ते बघायला गेल्यासारखा. मग तो म्हणाला, "वहिनी, कॉर्नर होता."

इतके दिवस काकूंना वाटत होतं की राग यापुढे वाढायला जागा उरलेली नाही. ते चूक होतं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि कापड रंगवणारे दोघे ऐकायला उठून जवळ आले.

"कॉर्नर होता," त्या म्हणाल्या. "ते सकाळपासून छाती चोळत होते. मी म्हटलं, आज जाऊ नका. तर म्हणाले, कॅप्टन आहे ना शेजारी. पंचाने नाही मारलं त्यांना. तुम्हीही नाही मारलं, त्यांच्या काळजानेच मारलं. पण ते तुमच्या पायाशी पडले आणि तुम्ही तिथेच उभं राहून त्या पंचाला शिव्या देत होतात. ते झाकायला आता त्याच्या पोरांच्या घरावर दगड पडताहेत."

"मी दगड नाही मारला, वहिनी."

"तुम्ही बोललात. आज संध्याकाळी परत बोलायचं आहे ना? मग हे बोला."

दाराकडे वळताना त्यांची नजर जमिनीवरच्या कापडाकडे गेली. "आणि हे पुसून टाका. ते असे दात काढून हसत नव्हते."

संध्याकाळी कॅप्टन चर्चेला आला. मफलर गळ्यात नव्हता, मांडीवर घडी करून ठेवलेला होता. निवेदिकेने मोर्चाबद्दल विचारलं. तो म्हणाला, मोर्चा नाही. मग सांगितलं की मिस्त्री शिट्टीच्या आधीच पडला होता, पेनल्टीशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याने आधारासाठी आपल्या खांद्यावर हात ठेवला होता आणि आपण तो झटकला. एवढं बोलायला त्याला बराच वेळ लागला. या वेळी गळा दाटला नव्हता. तोंड कोरडं पडल्यासारखा तो एकेक शब्द काढत होता.

निवेदिकेने कानाला बोट लावलं. तिच्या कानात कुणीतरी काहीतरी सांगत असावं. मग तिने पत्रकाराकडे वळून विचारलं, म्हणजे त्यांना धक्का बसला तो कॉर्नरच्या निर्णयाचा, असं म्हणता येईल का? कारण मुळात तो कॉर्नरही वादग्रस्तच होता. पत्रकार सरसावला. चेंडू शेवटी कुणाच्या पायाला लागून बाहेर गेला, याची दृश्यं लागली. माजी खेळाडूने पुढे वाकून बोटाने रेघ काढून दाखवली. कॅप्टन एकदा "अहो, तसं नाही" म्हणाला, पण त्याचा माईक बंद केलेला असावा. नुसते ओठ हलले. मग जाहिराती लागल्या.

"आई, बंद करू?" लेकीने विचारलं. काकूंच्या हाताची मूठ इतकी आवळली होती की लेकीने ती धरून एकेक बोट सोडवलं.

दुसऱ्या दिवसापासून चर्चेत कॅप्टनच्या खुर्चीवर दुसराच चाहता दिसू लागला. मोर्चा निघाला नाही. एका दुपारी कॅप्टन लाँड्रीच्या दारात येऊन उभा राहिला. पंचाच्या घरी गेलो होतो, म्हणाला. त्याने दार उघडलं नाही, आतूनच जायला सांगितलं. कॅप्टनला आणखी काही बोलायचं होतं. काकूंनी ऐकून घेतलं, बसा म्हटलं नाही, आणि पुढची पँट इस्त्रीवर घेतली. थोडा वेळ वाफेचा आवाज ऐकत थांबून तो निघून गेला. काकूंचा राग गेला नव्हता. तो जावा असंही त्यांना वाटत नव्हतं.

रविवारी पुढची फेरी झाली. कुठल्या तरी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या पंचाने, एक गोल ऑफसाइड ठरवला आणि सगळ्या चर्चा तिकडे वळल्या. काकूंनी एक वाहिनी लावून बघितली, मग दुसरी, मग तिसरी. हिरव्यांची पेनल्टी कुठेच नव्हती. एका वाहिनीवर सामना चालू होता. त्यांनी रिमोट खाली ठेवला.

संघ कुठले ते त्यांना कळलं नाही, विचारायला घरात मिस्त्री नव्हते. त्या जाळीच्या मागे बघत होत्या. तिथे अनोळखी माणसं दाटीने उभी होती, कुणी दोन्ही हात वर केले होते, कुणी तोंडाशी हात नेऊन ओरडत होतं. सामना संपला. खेळाडू आत गेले, टीव्हीवरचे लोक बोलायला लागले, त्यांच्या पाठीमागे स्टँड हळूहळू रिकामा होत गेला. तिसऱ्या रांगेतला एक म्हातारा खुर्चीवर बसून राहिला होता. काकू पुढे सरकून बसल्या. म्हाताऱ्याने वाकून बुटाची नाडी बांधली, गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि कठड्याला धरून पायऱ्या चढून गेला. मग काकूंनी टीव्ही बंद केला.