ऊन पाण्यात केतकी

पौषातली पहाट. सह्याद्रीच्या पायथ्याला धुक्याची दुलई. आणि त्या दुलईच्या कुशीत गंधकगंधी, वाफाळते, काळ्या पाषाणांत बांधलेले ऊन पाण्याचे कुंड. अलीकडे पुरुषांचे, भिंतीपलीकडे बायकांचे.

भिंतीपाशी केतकी क्षणभर थांबली. वहिनी सुनंदा पुढे झाली होती. याच गावात केतकी मुलगा म्हणून वाढली. याच भिंतीच्या अलीकडे भावाबरोबर डुंबली. आज प्रथमच तिची पावले पलीकडे वळत होती. सुनंदाने मागे वळून पाहिले, पण हाक मारली नाही. केतकी आपल्या पायांनी आत आली.

दोन वर्षे डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती औषधे घेत होती, आणि देह सावकाश बदलत होता. ऋतू पालटतो तसा, कुणाला न विचारता. त्वचा नितळली, नवनीतासारखी मऊ झाली. घामाचा उग्र दर्प ओसरला. कटी भरली, मांड्या भरल्या, चेहऱ्याच्या कडा निवळल्या. उमलती छाती दुखरी, इतकी दुखरी की कुशीवर वळतानाही जीव कळवळावा. आणि त्या कळेचेही तिला कौतुक. बळ मात्र उणावले. नारळांचे पोते एका दमात उचलणारे बाहू आता अर्ध्या वाटेत विसावत. थंडी अधिक झोंबे, डोळे लवकर भरून येत.

आवाज तेवढा बदलला नाही. औषधांनी तो बदलायचा नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तो राहिला तसाच: घनगंभीर, मेघमंद्र, तिचा.

छातीवर परकर बांधून ती पायरी पायरी उतरली. ऊन पाणी घोट्याशी आले, गुडघ्याशी आले, कटीशी आले. आणि ज्या वळणांना आजवर तिने केवळ आरशात चोरून पाहिले होते, त्या वळणांना पाण्याने उघड उघड स्पर्श केला. आपला देह आपल्याला असा पुरेपूर बसलेला तिला कधी जाणवला नव्हता.

कुंडाच्या दुसऱ्या कडेवरून एका म्हातारीने विचारले, "कुणाची गं तू?"

बायका वळल्या. सुनंदा उत्तर द्यायला पुढे सरली. केतकीने पाण्याखालीच तिचा हात दाबून तिला थांबवले. गप्प राहिली असती, तर कुणाला काही कळले नसते.

"रामा शिगवणांची मुलगी," ती म्हणाली. "पूर्वी मुलगा म्हणून ओळखायचात. आता केतकी."

तो मंद्र स्वर पाषाणांवर आदळला, कुंडभर घुमला, विरला. केतकीची नजर मात्र खाली गेली नाही.

म्हातारीने तिला शांतपणे न्याहाळले. मग पाठमोरी होत म्हणाली, "रामाची व्हय? ये तर हितं. जरा पाठ घास माझी."

केतकीने ती सुरकुतलेली, ताम्रवर्णी पाठ घासली. हलक्या हातांनी, मन लावून. बायकांच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. कुणीतरी तिला सरकून जागा दिली.

निघताना म्हातारीने तिच्या खांद्यावर भार टाकला. खांदा पूर्वीइतका बळकट नव्हता, पण पुरला.

दोघी वर आल्या. कोवळ्या किरणांत काळ्या फरशीवर ओली पावले उमटत गेली, एक जोडी थकलेली, एक जोडी ताजी. शेजारी शेजारी, संथ संथ, उन्हाच्या दिशेने.