मोडलेल्या राउंडअबाउटांचा रस्ता

आखातातल्या मेसईदच्या खतकारखान्यातली रात्रपाळी उरकून आफताब घरी आला, तोंडावर पाणी मारलं आणि तसाच पुन्हा गाडीत बसला. त्याच्या अब्बांचा, इब्राहीमचाचांचा, व्हिजिट व्हिसा उद्या संपत होता. रत्नागिरीहून पुन्हा इथवर येण्याचं त्राण त्यांच्या गुडघ्यांत उरलं नव्हतं. जाण्याआधी आपल्या थोरल्या भावाच्या, रहमानभायच्या, कबरीवर एकदा फातिहा पढायची, एवढंच त्यांनी लेकाकडे मागितलं होतं.

रहमानभाय दुखानच्या तेलवस्तीला पाण्याचा टँकर न्यायचे. एकदा वाटेतल्या एका लहानशा गावात छातीत कळ आली आणि तिथेच संपलं सगळं. माती त्याच दिवशी, त्याच गावात दिली; चाचा तेव्हा इथेच कामाला होते, मातीला हजर होते.

"शहानिया गेलं की राउंडअबाउट लागेल, मधे सिमेंटची मोठी किटली. तिथून उजवीकडे घे," चाचा म्हणाले.

"अब्बा, किटली कधीच तोडली. आता पूल आहे."

"मग त्या दिवशी तुझा दोस्त 'किटलीपाशी भेट' असं कसा म्हणाला?"

"आम्ही सगळेच म्हणतो. किटली नाय, नाव हाय."

मागच्या सीटवर आफताबची आठ वर्षांची लेक सुमैया खिडकीला नाक लावून बसली होती. "दादा, व्हाय नो हाउसेस?" तिने आजोबांना विचारलं.

नातीचा कुठलाही प्रश्न चाचा कधी उडवून लावत नसत. "पाणी असेल तिथे माणूस घर बांधतो, बेटा. हा रस्ता एवढासा होता तेव्हा तुझे मोठे दादा याच वाटेने पाणी न्यायचे. टँकर दिसला की पोरं डबे घेऊन धावायची."

बोलण्याच्या नादात वळण हुकलं. परतीचं वळण पार पुढे होतं. एक गाव आलं: पेट्रोल पंप, मशीद, शटर ओढलेली दुकानं. ते नव्हे. दुसरं आलं. तेही नव्हे.

"आर वी लॉस्ट?" सुमैयाने विचारलं.

"तुझ्या दादाला विचार. त्यांच्या नकाशात अजून किटली उकळतेय," आफताब म्हणाला. हसता हसता त्याला जांभई आली, गाडी कडेच्या पट्ट्यावर घरघरली आणि तो दचकून सावरला. चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तिसऱ्या गावाच्या टोकाला कबरस्तान दिसलं. सुमैयाला फाटकाच्या सावलीत उभं करून दोघे आत गेले. वाळूचे सारखे उंचवटे, उशाला एकेक दगड. इथल्या रीतीप्रमाणे नाव कुठेच नाही. भाय भिंतीच्या कोपऱ्याला होते, एवढं चाचांना पक्कं आठवत होतं. पण भिंत नवी होती, पार लांब सरकलेली. आणि मशीद? मशीद तर दुसऱ्या बाजूला हवी होती. गाव तरी हेच का?

"नाय तर पुढे बघू, अब्बा. अजून दोन गावं आहेत," आफताब म्हणाला. डोळे लाल झाले होते. उभ्या उभ्या तो किंचित झुलत होता.

चाचा जवळच्या एका कबरीपाशी थांबले. "हीच."

"नक्की?"

"नक्की. कर हात वर."

दुआ झाली. आफताब गाडीकडे गेला, एसी लावला आणि बसल्या जागी झोपला.

"दादा, हाउ डिड यू नो?" फाटकाशी सुमैयाने विचारलं. "देअर आर नो नेम्स."

चाचा त्या सावलीत हळूहळू खाली बसले.

"नाही कळलं, बेटा."

"पण यू टोल्ड बाबा..."

"तुझा बाबा दमलाय. मी 'ही नव्हे' म्हटलं असतं, तर तो पुढे गाडी हाकत राहिला असता."

सुमैयाने काचेतून बापाकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं, मान एका बाजूला कलली होती. ती आजोबांच्या शेजारी बसली आणि कुजबुजली, "आय वोन्ट टेल हिम."